म्हातारीचं खडप

माणूस गेलं की त्याच्यावरचा राग ओसरतो, असं लोक सांगतात. माझा ओसरलेला नाही. तांडेल बाईंना जाऊन बरीच वर्षं झाली, त्यांची भिंत जाऊन त्याहून जास्त. आजही पिंपळगावच्या पुढे गाडी त्या रुंद केलेल्या रस्त्याला लागली, की मी डावीकडे बघत नाही.

मी घासाघीस करून उभा राहिलेला माणूस आहे. दुसऱ्याच्या मळ्यात द्राक्षांचे क्रेट उचलले, मग दलाली केली, मग स्वतःचं पॅकहाउस टाकलं आणि शेवटी हमरस्त्याला लागून कोल्ड स्टोरेज बांधलं. व्यापाऱ्याशी, ट्रकवाल्याशी, बँकेच्या साहेबाशी, सगळ्यांशी भाव केला. मी तापट आहे हेही सगळ्यांना माहीत आहे, आणि खरं सांगायचं तर त्या तापटपणाचा मी धंद्यात उपयोगही करून घेतला. पण एका माणसापुढे त्यातलं काहीच चाललं नाही. ते माणूस म्हणजे नाशिकरोडच्या एका शाळेतल्या चित्रकलेच्या बाई.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट. हंगाम उतरणीला लागला होता. पॅकहाउसच्या फाटकाशी एक उंच, सावळी बाई येऊन उभी राहिली. डाव्या हातात हिरव्या बांगड्या, उजवा हात मोकळा. त्यांना आमचे भिजून वाया गेलेले पुठ्ठ्याचे बॉक्स हवे होते.

"कशाला पाहिजेत?" मी विचारलं.

"चित्रं काढायला."

"नाशकात कागद मिळत नाय का?"

"मिळतो. तो गुळगुळीत असतो. मला पाठ खरबरीत असलेलं काहीतरी पाहिजे."

टाकाऊ मालालाही मी भाव सांगतो, ती माझी सवय. मी आकडा सांगितला. त्यांनी एक आकडा सांगितला आणि द्राक्षं निवडणाऱ्या बायकांकडे बघत उभ्या राहिल्या. मी खाली आलो. त्या बोलल्या नाहीत. मी आणखी खाली आलो. त्या बायकांच्या कात्र्या बघत होत्या.

"बाई, भाव करायचा तर दोन्ही बाजूंनी सरकावं लागतं," मी चिडून म्हणालो.

"मी सरकलेय की शेठ. एकलहऱ्याहून इथवर आले."

बायका हसल्या. बॉक्स त्यांनी सांगितलेल्या भावात गेले.

नंतर ओळख वाढल्यावर मी विचारलं, की हे असं एकदाच बोलायचं कुठं शिकलात. त्या म्हणाल्या, आईकडून. त्यांचं माहेर रत्नागिरी जिल्ह्यात, खाडीच्या तोंडाशी. आई कालवं काढायची. कालव म्हणजे खडकाला जन्माचं चिकटलेलं शिंपल्यातलं जनावर. मोठी ओहोटी लागली, की गावातल्या बायका उघड्या पडलेल्या खडकांवर, म्हणजे त्यांच्या भाषेत खडपांवर जायच्या, चोचदार लोखंडाने शिंपल्याचं वरचं झाकण उडवायच्या आणि आतलं मांस भांड्यात काढायच्या. पाणी परत चढायच्या आत निघायचं आणि ऊन चढायच्या आत विकायचं. "आईला भाव करायला वेळच नसायचा," बाई म्हणाल्या, "म्हणून ती एकदा सांगायची आणि समुद्राकडे बघत बसायची. गिऱ्हाईक आपोआप सरकायचं." मी म्हणालो, द्राक्षाचंही तसंच आहे, उन्हाच्या आत विकावं लागतं. "मग तुम्ही एवढं बोलता कशाला?" असं त्यांनी विचारलं.

उजव्या हातात बांगडी नसायची ती त्यामुळेच. लहानपणापासून त्या हातात लोखंड. घाव घालताना बांगडी फुटेल, म्हणून आईने त्या हातात कधी भरलीच नाही. पुढे शिकल्या, चित्रकलेची परीक्षा दिली, लग्न होऊन औष्णिक केंद्रात नोकरी करणाऱ्या नवऱ्याबरोबर एकलहऱ्याच्या वसाहतीत आल्या, तरी तो हात मोकळाच राहिला. बोटांवर पांढरे वण होते, आडवेतिडवे. "कालवाची धार," त्या म्हणायच्या. "पातीसारखी असते. पाण्यात कापलं तर कळतसुद्धा नाही, घरी येऊन मीठ लागलं की कळतं."

त्यांच्या क्वार्टरमध्ये मी पहिल्यांदा गेलो तेव्हा भिंतींवर आमच्या बॉक्सचे पुठ्ठे लावलेले होते. एका बाजूला माझ्या मालाचा छापील घड आणि उलट्या बाजूला कालवं. सगळीकडे कालवंच. एकेकटी, झुंडीने, उघडी, मिटलेली, अर्धी पाण्यात. मी नीट बघितलं तर प्रत्येक वेगळं होतं. पण माणूस धंद्यातला असला की त्याला दुसराच प्रश्न पडतो.

"बाई, दुसरं काही काढत नाय का? फूल, बाईमाणूस, देव?"

"हे अजून जमलेलं नाही," त्या म्हणाल्या.

एकलहऱ्याला तेव्हा वारा फिरला की सगळीकडे राख बसायची. दोरीवरच्या कपड्यांवर, तुळशीवर, ओट्यावर. वसाहतीतल्या बायका वैतागायच्या. बाई सकाळी ओटा पुसण्याआधी त्या राखेत बोटाने एक कालव काढायच्या आणि मग फडकं फिरवायच्या. नवरा साधा, कमी बोलणारा माणूस. तो मला म्हणाला, "लग्न झाल्यापासून रोज एक पुसतेय. समुद्र दाखवायला न्यायला लागत नाही, तेवढा खर्च वाचला."

माझी पुतणी त्यांच्याच शाळेत होती. ती घरी येऊन सांगायची, बाई कालव काढायला लावतात आणि वर्गात एकानेही समुद्र पाहिलेला नाही. कोणी भजी काढतं, कोणी कान. बाई हसायच्या नाहीत. त्यांचं एकच म्हणणं असायचं, "आधी पाठ काढा. पोट सगळे काढतात." म्हणजे आतला चकचकीत शिंपला नंतर, आधी बाहेरची खडबडीत, मळकी बाजू. मुख्याध्यापकांनी त्यांना सुचवलं, की बाई, नाशिकची मुलं, द्राक्षं काढायला लावा, स्पर्धेत बक्षिसं मिळतील. बाई म्हणाल्या, द्राक्षं मुलं रोज बघतात, म्हणून ती न बघताच काढतात.

एकदा त्यांनी मला कालवं खायला घातली. माहेराहून कोणीतरी बर्फात घालून डबा आणला होता. मी मटण खाणारा माणूस. पहिला घास घेतला आणि थांबलो.

"कसं लागतं?" त्यांनी विचारलं.

"खरं सांगू? मिठाच्या पाण्यात लोखंड बुडवल्यासारखं."

त्यांनी नवऱ्याकडे बघितलं. "बघा. आजवर नाशकात एवढं बरोबर कोणी सांगितलं नव्हतं." त्यांनी मला आणखी वाढलं. मी खाल्लं.

कोल्ड स्टोरेज बांधून झालं तेव्हा रस्त्याकडची लांबलचक भिंत कोरी होती. शेजारच्या प्रत्येकाने आपापल्या भिंतीवर ऑइलपेंटने द्राक्षाचा घड काढून घेतला होता. मला वेगळं काहीतरी पाहिजे होतं, जे बघून ट्रकवाला वेग कमी करेल. मी बाईंना विचारलं. त्या भिंतीसमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "गावात जेट्टी व्हायचीय. आमच्या खडपावरच. भराव टाकणार आहेत. ते खडप कुठेतरी राहायला पाहिजे, शेठ. इथं राहील."

"कोपऱ्यात एक घड तरी काढा."

"नाही."

"लहानसा?"

त्या रस्त्याकडे बघत राहिल्या. मी समजलो. त्यांनी मजुरीही घेतली नाही, फक्त अट घातली, की भिंतीवर कधी पाटी लावायची नाही आणि काम संपलं की नाही ते त्याच सांगतील.

आमच्या गाड्या द्राक्षं घेऊन चिपळूण, रत्नागिरीला जायच्या आणि रिकाम्या यायच्या. त्या उन्हाळ्यात त्या शिंपल्यांची पोती घेऊन आल्या. बाईंची आई आणि गावातल्या बायका ती भरून द्यायच्या. माझा ड्रायव्हर कुरकुरला, "शेठ, गाडीला वास बसला. द्राक्षवाले गाडीत माल टाकू द्यायचे नाहीत." मी गाडी दोनदा धुवायला लावली आणि पुन्हा पाठवली. वाळूऐवजी बाईंनी एकलहऱ्याची राख मागितली. सिमेंटमध्ये राख कालवून गिलावा केला, की ओल्या खडकाचा रंग येतो म्हणाल्या, आणि तसाच आला. मे महिन्याची सुट्टी त्यांनी परातीत आणि थापीत घालवली. पदर खोचलेला, हात राखेने करडे.

भिंत जसजशी भरत गेली तसतसे लोक थांबायला लागले. करड्या खडकावर पांढऱ्या वाट्या, शेकड्यांनी. सकाळचं ऊन पडलं की लांबून पाणी हलल्यासारखं दिसायचं. मी विचारलं, एवढं पांढरं असतं का खडप? बाई म्हणाल्या, "नुसतं नसतं. बायका येऊन गेल्या की होतं. वरचं झाकण उडवतात, खालची वाटी खडकालाच राहते. पांढरं दिसतं ते सगळं कुणीतरी खाल्लेलं आहे."

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी मी बघायला गेलो, तर डावीकडचा खालचा कोपरा तसाच. तिथं बाईंनी मिटलेले शिंपले लावले होते, जोडीच्या जोडी, करडे, मळकट. बाकी भिंत चमकतेय आणि हा कोपरा दगडासारखा मुका.

"बाई, हा कोपरा राहिला."

"राहिला नाही. ठेवलाय."

माझा पारा चढला. पाहुणे येणार, वर्तमानपत्रवाला येणार, आणि नेमकं फाटकाजवळचं काम अर्धवट. मी हमालांसमोर, गवंड्यासमोर ओरडलो. काय काय बोललो ते सगळं आठवत नाही. बाई बादलीत हात धूत होत्या. हात धुऊन झाल्यावर पदराला पुसले आणि म्हणाल्या, "आवाज उतरला की सांगा, शेठ." आणि एकलहऱ्याच्या गाडीला निघून गेल्या.

कोपरा तसाच राहिला. उद्घाटन झालं. धंद्याला भिंतीचा फायदा झाला, तो मी नाकारत नाही. 'कालवांच्या भिंतीपाशी' हा आमचा पत्ता झाला. पण बाईंशी माझं बोलणं बंद होतं.

ते पुन्हा सुरू झालं सोमाबाबामुळे. सोमाबाबा आमचा राखणदार, हरसूलकडचा म्हातारा. डोंगरात भात निघालं की खाली यायचा आणि हंगामभर राहायचा. पॅकहाउसमधल्या बायकांनी त्याच्या डोक्यात घातलं, की मिटलेल्या शिंपल्यात मोती असतो, म्हणून तर बाईने ते मिटलेले ठेवलेत. एका दुपारी सोमाबाबाने कोयत्याच्या टोकाने त्या कोपऱ्यातली चार-पाच झाकणं उडवली. आत काही नव्हतं. मी ते पाहिलं आणि त्याला कामावरून काढायला निघालो. तेवढ्यात पुठ्ठे न्यायला बाई आल्या. माझ्याशी बोलत नव्हत्या तरी पुठ्ठे न्यायला यायच्याच.

त्यांनी कोपरा बघितला. सोमाबाबा मान खाली घालून उभा.

"भूक लागली होती का, बाबा?" बाईंनी विचारलं.

त्याला कळेना, रागावल्यात की काय. "नाय बाई. मोती हाय का पाहिलं."

"मिळाला?"

"नाय."

"आम्हालाही नाही मिळाला कधी." मग त्या पायरीवर बसल्या आणि त्यांनी सांगितलं, आम्हा दोघांनाही ऐकू जाईल असं. त्यांच्या गावात किनाऱ्याला अगदी लागून एक खडप होतं. तिथं कंबरभर पाण्यातून जावं लागत नाही, पाय घसरत नाही, लाटेची भीती नाही. तिथली कालवं तरण्या बाईने काढायची नाहीत, मग घरात चूल पेटो न पेटो. ती म्हाताऱ्यांसाठी. जिचे गुडघे गेले, जिला लांब जाता येत नाही, ती तिथं बसून आपल्यापुरती काढणार. कोणी राखण करत नसे, पण कोणी हात लावत नसे. त्याला म्हातारीचं खडप म्हणायचे.

"तुमचं वय आहे बाबा," त्या म्हणाल्या. "तुम्ही घेतलं तर चालतं."

सोमाबाबाने विचारलं, पुन्हा चिकटवून देऊ का. बाई म्हणाल्या, "घेतलेलं परत लावत नाहीत." ते पाच पांढरे डाग त्या करड्या कोपऱ्यात शेवटपर्यंत राहिले. मी सोमाबाबाला काढलं नाही. बाईंना चहा सांगितला. त्यांनी नेहमीप्रमाणे बशीत ओतून घेतला. माझ्या ओरडण्याचा विषय मी काढला नाही, त्यांनीही नाही.

पुढे त्यांच्या गावची जेट्टी झाली. म्हातारीचं खडप भरावाखाली गेलं. त्याआधीच्या हिवाळ्यात आई गेली. बाई गावाहून परत आल्या त्या आईचं लोखंड घेऊन. लाकडी मूठ हाताने घासून काळी, गुळगुळीत झालेली. मला दाखवताना म्हणाल्या, "आई म्हातारीच्या खडपावर कधी बसलीच नाही. शेवटपर्यंत लांबच्या खडपावर जायची. म्हणायची, मी कुठं म्हातारी झालेय. ठेवलं होतं, पण घेतलं नाही."

आणि मग रस्ता रुंद व्हायला निघाला. मोजणीवाले आले आणि भिंतीवर लाल खूण करून गेले. मी कचेरीत गेलो. एकदा नाही, सहा महिने गेलो. साहेबाला फोटो दाखवले. तो म्हणाला, आमच्या तक्त्यात ही विटांची भिंत आहे. मी भांडलो, हात जोडले, ओळखी काढल्या. रस्ता काही सरकला नाही. तेव्हा मी वेगळा विचार केला. औष्णिक केंद्रातली अवजड यंत्रं हलवणारा एक क्रेनवाला माझ्या ओळखीचा होता. त्याने भिंत पाहिली, ठोकून बघितली आणि म्हणाला, लोखंडी चौकट घालून तुकड्या-तुकड्याने कापता येईल, मागच्या जागेत जशीच्या तशी उभी करून देतो. मी इतका खूश झालो, की त्याच्याशी भावसुद्धा केला नाही. आयुष्यात एकदाच.

मी एकलहऱ्याला गेलो. घरात खोकी बांधलेली होती. नवरा निवृत्त झाला होता, क्वार्टर सोडून ते गावाला निघाले होते. बाई खुर्चीत बसल्या होत्या. गुडघ्यांनी उठवेना. मी सगळं सांगितलं.

"नको," त्या म्हणाल्या.

"नको म्हणजे?"

"खडप उचलून नेत नाहीत, शेठ."

"अहो, तुमचं तिकडचं गेलं. हे एवढं एकच उरलंय. तुम्हीच म्हणाला होता, कुठंतरी राहायला पाहिजे."

"राहिलं की. इतकी वर्षं राहिलं. येणाऱ्याजाणाऱ्याच्या वाटेवर राहिलं. मागं नेऊन कुंपणात उभं केलंत, तर ते शोभेचं होईल. शोभेचे शिंपले बाजारात मिळतात."

मी आवाज चढवला. म्हणालो, भिंत माझी, जागा माझी, मी तुम्हाला विचारायलाही नको होतं. त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. बाहेर राख पडत होती. मी खूप वेळ बोललो आणि त्या बघत राहिल्या, आणि मला ते पुठ्ठ्याचे बॉक्स आठवले. शेवटी मी दमलो. तेव्हा त्या म्हणाल्या, "पाडायच्या आधी मला एक सकाळ द्या."

मी क्रेनवाल्याला नाही म्हणून कळवलं. का कळवलं, ते मला आजही सांगता येत नाही. शब्द दिला नव्हता, कागद नव्हता. माझ्या मर्जीने मी ती भिंत आजही ठेवू शकलो असतो. दोन हात लांब, कुंपणात, शोभेची का होईना, पण असती. तिला हात लावता आला असता. हा माझा राग आहे आणि तो मी लपवत नाही.

त्या आल्या तेव्हा ऊन नुकतंच भिंतीवर आलं होतं. नवऱ्याने हात धरून उतरवलं. बरोबर एक पाट, आईचं लोखंड आणि आमचा पुठ्ठ्याचा बॉक्स. त्यांनी पाट त्या कोपऱ्यापाशी मांडला, पदर खोचला आणि हळूहळू खाली बसल्या. मी ऑफिसच्या दारात उभा राहिलो. जवळ जावंसं वाटलं नाही.

टक्. झाकण उडायचं, त्या ते उचलून बॉक्समध्ये ठेवायच्या. टक्. दुसरं. हात म्हातारा झाला होता, पण घाव नेमका बसत होता. गाड्या जात होत्या, त्यांचं लक्ष नव्हतं. इतकी वर्षं मुका असलेला तो करडा कोपरा एकेका घावाने पांढरा होत गेला. आईने जे घेतलं नाही ते त्या घेत होत्या. मी बघत होतो आणि मला वाटलं, हिने हे पहिल्या उन्हाळ्यातच ठरवलं असेल.

उठायला मी हात दिला. बघितलं तर अगदी खाली, जमिनीलगत, एक मिटलेलंच होतं.

"ते राहिलं, बाई."

"ठेवलंय," त्या म्हणाल्या. "सगळं घेत नाहीत. आपल्याहून म्हातारी कुणी आली तर?"

"उद्या जेसीबी येतोय."

"येऊ दे."

नवरा बॉक्स उचलायला पुढे झाला. बाईंनी तो दिला नाही. स्वतःच उचलून कमरेवर घेतला, टोपली घेतात तसा. माझा छापील घड बाहेरच्या बाजूला, आत शिंपले वाजत होते. भिंतीकडे वळून न बघता त्या फाटकातून बाहेर पडल्या आणि दुखऱ्या पायांनी, एका अंगाला झुकून, रस्त्याच्या कडेने चालत गेल्या, खाली निसरडं असल्यासारखं पाऊल जपून टाकत.

मी त्यांना हाक मारणार होतो. निदान नीट जा म्हणणार होतो. आवाज उतरला की सांगा, असं त्या एकदा म्हणाल्या होत्या. अजून उतरलेला नाही.